हाताचं की पायाचं?

घरात शिवणाचं मशीन घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न कंपनीचा नसायचा. हाताचं की पायाचं, इथून सुरुवात व्हायची. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांच्या कानांवर हा वाद नक्की पडलेला असेल. रात्रीची जेवणं उरकली की आई विषय काढणार, बाबा "बघू" म्हणणार, आणि आजी आतल्या खोलीतून ऐकवणार की पायाचं घेऊ नका, बायकांच्या पोटाला ते चांगलं नाही. हा समज तेव्हा सर्रास होता. दोन घागरी पाणी जिन्यावरून चढवणाऱ्या बायकांच्या पोटाला पायाखालची ती हलकी फळी काय करणार होती, हे आजीला विचारायची मात्र कोणाची छाती नव्हती.

हाताचं मशीन स्वस्त, कारण लोखंडी स्टँडचे पैसे वाचायचे. खाली लाकडी बैठक, वरून कुलूप लागणारं लाकडी झाकण. काम झालं की कॉटखाली सरकवायचं. बदलीची नोकरी असलेल्या घरांना ते सोयीचं पडे. पण नव्याने शिकणाऱ्या बाईची त्यावर पंचाईत व्हायची. उजवा हात मुठीवर अडकला की कापड सांभाळायला डावा एकटाच उरतो. सरळ टीप निभावते, पण मुंढ्याची गोलाई आली किंवा बाही जोडायची वेळ आली की कापड एकीकडे आणि सुई दुसरीकडे. त्यावर घरोघरी एकच तोड होती, ती म्हणजे मूठ फिरवायला एक मूल बसवणं. "सावकाश... अजून सावकाश... थांब म्हटलं ना!" एवढ्या तीन सूचनांवर आमच्यातल्या कितीतरी जणांच्या उन्हाळी सुट्ट्या गेल्या आहेत.

पायाच्या मशीनला दोन्ही हात मोकळे. पण त्याचं चाक आधी हाताने आपल्याकडे ओढून मग पाय चालवायचे असतात, आणि नवशिक्याचा पाय पडला की चाक हमखास उलटं फिरतं. उलटं फिरलं की दोरा तुटतो किंवा खाली गुंता होतो. म्हणून शिवणाच्या क्लासात पहिले काही दिवस सुईत दोरा ओवूच देत नसत. नुसते पाय चालवा. मग वहीचा रेघी कागद सुईखाली द्यायचा आणि रेघेवरून भोकं पाडत जायचं. रेघ जमली की चौकोन, चौकोन जमला की गोल, शेवटी जिलबी. कागदाने सुई बोथट होते, त्यामुळे या कामाला मोडीत काढलेली सुई वेगळी ठेवलेली असे. आमच्याकडे आईने सरावाला घेतलेल्या माझ्या जुन्या वहीत निबंधाच्या मागच्या पानांवर अशा भोकांच्या रांगा होत्या, आणि उजेडाकडे धरलं की त्या निबंधापेक्षा सरळ दिसत.

एवढं ठरलं की मग कंपनी. आमच्या भागात दोनच नावं मोठी होती, सिंगर आणि उषा. सिंगर परदेशी. आयझॅक सिंगरला अमेरिकेत पेटंट मिळालं १८५१ मध्ये, आणि एकोणिसावं शतक संपण्याआधीच त्याची मशिनं हिंदुस्थानात येऊन पोचली होती. महागडी वस्तू हप्त्यांवर विकायची पद्धत जगभर पसरवली ती मुख्यतः याच कंपनीने. उषा आपली. कलकत्त्याच्या जय इंजिनीअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात ती बनवायला घेतली. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर बंधनं आली आणि घराघरांत उषाच पोचत गेली. पुढे पंखाही त्याच नावाचा आला. शिवाय मेरिट होतं, रीटा होतं, आणि लुधियानाच्या कारखान्यांतून निघालेली, सोनेरी अक्षरांत काहीही नाव घातलेली कितीतरी स्वस्त मशिनं होती. यंत्रांबद्दल एरवी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं होतं. १९२४ मध्ये एका संवादात त्यांनी सांगितलं की बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते तयार केलं. सिंगरचं खरं चरित्र वाचलं तर बायकांच्या बाबतीत तो गृहस्थ असा कळवळ्याचा मुळीच नव्हता असं दिसतं. पण गांधीजींचा मुद्दा यंत्र कोणाच्या उपयोगी पडतं हा होता, आणि तो आमच्या घरांपुरता तरी पटण्यासारखा होता.

नवं मशीन कारकुनाच्या एका पगारात बसत नसे. त्यामुळे परवडण्याचे मार्ग शोधावे लागत. कचेरीच्या पतपेढीतून कर्ज काढणं हा एक. दुसरा भिशीचा. आळीतल्या बायका दर महिन्याला ठरावीक रक्कम काढत, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघे तिच्याकडे एकदम पैसे येत. पाटल्या, मिक्सर, मुलाची फी अशा रांगेत शिवणाचं मशीन बरंच वर असायचं. भिशीतून आलेल्या मशीनचा थाट वेगळा, कारण ते बाईच्या स्वतःच्या पैशाचं. घराच्या कागदावर तिचं नाव नसे, रेशनकार्डावर ती खालच्या ओळीत असे, पण "माझं मशीन" असं ती बेधडक म्हणू शकत असे. मशीनच्या छोट्या खणाला आमच्याकडे कोणी हात लावायचा नाही. त्यात बॉबिनं, हुकं, टेलरचॉकचा तुकडा आणि शिवणाचे सुटे पैसे असत. बाबासुद्धा विचारून घेत.

तिसरा मार्ग सेकंडहँड. माझ्या मते नवशिक्यासाठी तोच सर्वांत शहाणपणाचा होता, आणि अजूनही आहे. एखाद्या शिंप्याने मोठं मशीन घेतलं म्हणून जुनं काढलं, कोणाची म्हातारी गेली आणि सुनेला शिवण येत नाही, कोणी बदली होऊन निघालं, अशी मशिनं तोंडोतोंडी विकली जात. बघायला जाताना बरोबर एक जाणकार बाई लागायची. आमच्याकडे ती आत्या. लग्नानंतर चार वर्षांतच माहेरी परतलेली, पुण्याच्या सेवासदनात शिवणाचा कोर्स केलेली. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या संस्थेने तिच्यासारख्या कितीतरी जणींच्या हातात कात्री दिली. घरात तिला कोणी फार विचारत नसे, मात्र मशीन बघायचं म्हटलं की तिच्याशिवाय पान हलत नसे.

आत्याची पद्धत बघण्यासारखी होती. विकणारी बाई चहा टाकते आहे तोवर ती मशीनजवळ जाऊन बसायची. आधी सोनेरी नक्षी बघायची. सुईच्या समोर, जिथून कापड सरकतं तिथली नक्षी पुसलेली असली तर मशीन वापरातलं. सगळी नक्षी झळझळीत असेल तर एकतर ते पडून होतं, नाहीतर वरून रंग मारला आहे. मग चाक हाताने हळूहळू फिरवायचं आणि कान लावायचा. एकसारखा खटखट आवाज चालेल, पण एका ठरावीक ठिकाणी चाक जड लागलं तर आतलं काहीतरी वाकलेलं आहे. सुईची दांडी दोन बोटांत धरून आडवी हलवून बघायची. ती डुलली की मशीन झिजलं. कापड पुढे ढकलणाऱ्या खालच्या दातांवरून बोट फिरवायचं. दात गुळगुळीत झाले असतील तर मांजरपाट सरकेल, पण पातळ लॉन जागच्या जागी गोळा होईल.

शेवटी टीप. त्यासाठी ती घरून दोन रंगांचे दोरे नेत असे, वर लाल आणि खाली पांढरा. शिवणाच्या मशीनमध्ये वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या आत एकमेकांना अडकतात. सुईच्या टोकाशीच भोक ठेवून दोन दोऱ्यांनी टाका घालण्याच्या यंत्राचं पेटंट एलियस हाऊ या अमेरिकनाने १८४६ मध्ये घेतलं. तेव्हापासून टाका तोच आहे. तो नीट पडला तर वरून फक्त लाल दिसतो, खालून फक्त पांढरा. खालच्या बाजूला लाल ठिपके किंवा फासे दिसले तर वरचं टेन्शन सैल, वर पांढरे ठिपके आले तर वरचं जास्त आवळलेलं. स्क्रू फिरवून ते सुधारत असेल तर बिघाड काही नाही, उलट भाव पाडायला निमित्त मिळतं. आत्या आधी भाव पाडायची, मग स्क्रू फिरवायची.

एका बाबतीत मात्र ती कडक होती. फार जुन्या सिंगरमध्ये गोल बॉबिनऐवजी लांबुळकं शटल असतं, नावेच्या आकाराचं, आणि त्यात लांब बारीक बॉबिन. ती मशिनं दिसायला देखणी, काहींवर स्फिंक्सचं चित्र, बरीचशी स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेली. तो कारखाना १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. क्रमांकावरून मशीन कोणत्या साली बनलं तेही काढता येतं. पण लांब बॉबिनं गावातल्या दुकानात मिळत नसत. "म्युझियम घरी आणायचं नाही," असं म्हणून आत्या उठायची. जे बॉबिन कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, जी सुई चौदा नंबर म्हटली की वाणीसुद्धा देतो, आणि जे मशीन सायकलवरून फिरणारा दुरुस्तीवाला डोळे मिटून उघडतो, तेच घ्यायचं, हा तिचा नियम.

तो दुरुस्तीवाला आता दिसत नाही. कॅरिअरला कातडी पिशवी, त्यात पेचकस, पट्ट्याच्या तारेचे आकडे, तेलाची लांब नळीची डबी. वर्षातून एकदा यायचा, सगळं मशीन उलटं करायचा, आणि आतून कापसाचा गोळा काढून आईला दाखवायचा. निम्मे बिघाड तर बिघाडच नसत. सुईची चपटी बाजू उलटी बसलेली, बॉबिन उलट दिशेने घातलेलं, तेल म्हणून कोणीतरी खोबरेल टाकलेलं आणि थंडीत ते गोठलेलं. तरी तो पंधरा मिनिटं खटपट करायचा. लगेच दुरुस्त झालं तर पैसे कोण देणार?

मशीन घरी आलं की त्याला जागा हवी. दीड खोलीच्या चाळीत ते खिडकीपाशी येई, आणि शिवण चालू नसताना त्याचं टेबल होई. त्यावर अभ्यास, रेडिओ, इस्त्री, पाहुणे आले की चहाचा ट्रे. खालच्या फळीवर बसून धाकटी भावंडं एसटी चालवत. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि त्या दिवशी टीप बंद. दसऱ्याआधीची शिवणाची घाई आणि तो एक सक्तीचा खाडा यांत आईचा जीव वरखाली होई, पण तिने कधी नियम मोडल्याचं आठवत नाही.

पहिल्यांदा काय शिवायचं, याचंही शास्त्र होतं. आधी पिशवी. मग उशीचे अभ्रे, मग परकर, मग झबलं. झबलं घरात बाळ असो नसो शिवायचंच, कारण एवढ्याशा कापडात गळा, मुंढा, तिरकी पट्टी सगळं येतं आणि चुकलं तर वाया जातं ते वीतभर. क्लासातल्या वहीत तर बोटभर मापाची झबली, बंड्या, पोलकी शिवून चिकटवलेली असत. डाव्या पानावर मापं, छातीचा चौथा भाग अधिक अमुक इतके इंच, आणि उजव्या पानावर बाहुलीलाही होणार नाही असा फ्रॉक. ब्लाऊजची पायरी शेवटची. टू बाय टूचं कापड बेतायला घेताना आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आणि दिवाळी आली की एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे. दोन बहिणींचे फ्रॉक, भावाचा बुशशर्ट, उरलेल्यात उशीचा अभ्रा. चुलत भावंडांसकट काढलेला फोटो पाहिला तर कोण कोणाच्या घरचं हे छापावरून ओळखता येतं. तेव्हा लाज वाटायची. हल्ली लोक मुद्दाम पैसे मोजून तसं करून घेतात.

या मशीनवर घरं चालली, हे मात्र हौसेच्या आठवणींत मागे पडतं. शेजारणींचे ब्लाऊज, साड्यांचे फॉल, शाळेचे गणवेश यांतून येणारे पैसे वरकमाई म्हणून धरले जात, पण कित्येक घरांत महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांची भाजी त्यातूनच येई. मुंबईत १९८२ चा गिरण्यांचा संप लांबत गेला तेव्हा गिरणगावातल्या बायकांनी जे हाताला लागेल ते केलं. खानावळी, भाजीविक्री, आणि घरी बसून नगावर शिवण. ज्यांच्या नवऱ्यांनी आयुष्यभर मागावर कापड काढलं, त्या चिंध्यांच्या दराने कापड शिवत होत्या. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडून शिलाई मशिनं वाटण्याच्या योजना चालत आल्या आहेत, त्यामागे हाच विचार. त्या योजनांबद्दल माझं एकच म्हणणं आहे. मशीनबरोबर शिकवणारं आणि दुरुस्त करणारं माणूस दिलं नाही, तर सहा महिन्यांनी त्यावर धुतलेले कपडे वाळत असतात.

नव्वदीत तयार कपडे स्वस्त झाले. घरच्या फ्रॉकपेक्षा रस्त्यावरचा फ्रॉक कमी पैशात येऊ लागला आणि मशिनं माळ्यावर गेली, नाहीतर भंगारात. लोखंडी स्टँडवर काच टाकून केलेली टेबलं आता पुण्यातल्या कॅफेंत दिसतात. मी एकदा तशा टेबलापाशी बसले आणि पाय आपोआप फळीवर गेले. फळी वेल्डिंग करून पक्की केलेली होती. मग २०२० चं वर्ष आलं. मास्क मिळेनात तेव्हा माळ्यावरची मशिनं खाली उतरली, बचतगटांच्या बायकांनी गावोगावी मास्क शिवले, आणि शहरातल्या तिशीतल्या मुलींना अचानक वाटायला लागलं की आपल्यालाही हे यायला हवं.

माझी भाची त्यांतलीच. "मावशी, नवशिक्यासाठी स्वस्तात चांगलं मशीन कोणतं?" असं तिने विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत सात-आठ चित्रं पाठवली. आता प्रश्न हाता-पायाचा राहिला नाही, सगळी विजेवरचीच. उषाने जपानच्या जानोमेबरोबर काढलेली, सिंगरची, ब्रदरची. पांढरी, हलकी, एका चकतीवर पंधरा-वीस तऱ्हांचे टाके. त्यांतले दोन कामाचे, एक सरळ आणि दुसरा झिगझॅग. झिगझॅगने कापडाची कड उसवत नाही आणि ताणणारं टी-शर्टचं कापडही शिवता येतं, म्हणून तो हवाच. आमच्या काळ्या मशीनला तो येत नव्हता. काजं करायची सोय असली तर उत्तम. बाहीचं किंवा पायजम्याचं गोल शिवायला पुढचा भाग निघून अरुंद हात उरतो, तेही बघावं. फुलापानांचे टाके पहिल्या आठवड्यात करून बघतात आणि नंतर त्यांची आठवणही होत नाही. ते जितके जास्त तितकी किंमत जास्त, एवढंच.

दीड-दोन हजारांत मिळणारी मुठीएवढी खेळण्यासारखी मशिनं तिने घेऊ नयेत, यावर मी अडून बसले. जीन्सची दुमड आली की ती गुरगुरतात आणि थांबतात, आणि शिकणारी मुलगी समजते की आपल्यालाच जमत नाही. त्यापेक्षा एखाद्या काकूंचं जुनं काळं मशीन घेऊन त्याला मोटर बसवावी. सरळ टीप त्याच्याइतकी सुबक नव्यांपैकी थोडीच मशिनं देतात. तिची मैत्रीण न्यू जर्सीला निघाली आहे आणि इथून मशीन न्यायचं म्हणते. तिला सांगितलं, नेऊ नकोस. आपली वीज २३० व्होल्टची, तिथली १२०. तिथेच एखादं जुनं मिळेल, तिथल्या आज्यांनीही माळे रिकामे करायला घेतले आहेत.

भाची रविवारी दुकानात जाणार आहे. मी तिला लाल आणि पांढरा असे दोन दोरे दिले आहेत, मांजरपाटाचा एक तुकडा, एक लॉनचा आणि जुन्या जीन्सची चार पदरी शिवण. दुकानदार स्वतःच्या कडक कापडावर टीप मारून दाखवेल, ती बघायची नाही. आपल्या तुकड्यांवर मारून मागायची. बॉबिन प्लॅस्टिकचं लागतं की लोखंडी, ते विचारून डझनभर तिथेच घ्यायची, सुया अकरा, चौदा आणि सोळा नंबरच्या. आणि पैसे देण्याआधी विचारायचं, बिघडलं तर घरी कोण येतं, आणि त्याचा नंबर लिहून घ्यायचा. दुकानाचा नाही, त्याचा.